वापरातले लाकूड : प्रस्तावना

रत्नागिरीत जुन्या लाकडी सामानाविषयी बोलायचे, तर थिबा राजवाड्यापासून सुरुवात करावी लागते; कारण ब्रह्मदेशाचा तो राजा आपल्या गावात आला, त्याच्या मुळाशी सागवान होते. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागाचे ओंडके काढत असे. कंपनी तोडते जास्त आणि दाखवते कमी, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन आठवड्यांत युद्ध आटोपले, सव्वीस वर्षांच्या थिबाला राणी सुपयालतसह बोटीत बसवण्यात आले आणि मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलमध्ये तो रत्नागिरीला पोचला. पुढची चोवीस वर्षे त्याने इथल्या बंगल्यांत काढली. १९१० मध्ये राजवाडा उभा राहिला, तेव्हा त्याच्या लाकूडकामाला ब्रह्मी सागच आणला गेला. ज्या लाकडापायी राज्य गेले, त्याच लाकडाच्या छपराखाली राजाची शेवटची सहा वर्षे गेली. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. तो या वाड्यात राहायला गेला त्या हिवाळ्यात, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात, लाकडी गजांच्या बराकीत बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होते.

मंडालेच्या राजघराण्याची सिंहासने नऊ प्रकारची होती. १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, राजवाडा जळाला आणि तिथे होती ती सिंहासने राख झाली. मंत्रिसभेच्या दालनातले एक सिंहासन मात्र इंग्रजांनी आधीच कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेऊन ठेवले होते, म्हणून ते वाचले. १९४८ मध्ये ते ब्रह्मदेशाला परत मिळाले आणि आज यांगोनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हे सिंहासन शिवणीच्या लाकडाचे आहे. तीच शिवण आपल्या सह्याद्रीच्या उतारावरही वाढते. वजनाला हलकी, पटाशीला मऊ आणि दमट हवेत सहसा न वाकणारी. मंडालेच्या कारागिराने सिंहासनासाठी शिवण निवडली आणि आपल्या सुताराने देव्हाऱ्यासाठी फणस निवडला, तो एकाच जातीच्या शहाणपणातून : कोणते लाकूड कशासाठी, हे त्या दोघांनाही हाताने ठाऊक होते.

राजाच्या सिंहासनाला संग्रहालय मिळते. हे पुस्तक ज्या सामानाविषयी आहे, ते माडीवर, पडवीत, गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे. झोपाळा, हडपा, घडवंची, पाट, चौरंग, उतरत्या फळीचे बैठे मेज, वेताची आरामखुर्ची, पाळणा, भिंतीतले फडताळ. यांतली एक तरी वस्तू ज्याच्या घरात नाही, असे कोकणातले जुने घर सापडायचे नाही. आणि ती वस्तू ज्याने नीट पाहिली आहे, असा घरातला माणूसही क्वचितच सापडतो.

आपले घर मुळात जमिनीवर बसणारे. जेवायला पाट, पूजेला चौरंग, पाहुण्याला बैठक आणि लोड, कारकुनाला मांडीपुढे घ्यायचे मेज. सामान कमी, म्हणून जे होते ते विचारपूर्वक केलेले. घडवंचीचेच पाहा. चार पाय, वर दोन-तीन पट्ट्या, बस्स. पण त्या पट्ट्यांमध्ये बोटभर अंतर सोडलेले असे, कारण वर पाण्याचे हंडे किंवा गाद्यांची चळत ठेवायची आणि खालून वारा खेळायला हवा. हडपा म्हणजे घराची तिजोरी, कपड्यांचे कपाट आणि दुपारी आडवे व्हायची जागा, असे तिन्ही एकात. त्याचे झाकण इतके जड, की लहान मुलाने उघडू नये ही सोय आपोआप झालेली.

शब्द पाहिले तरी हा इतिहास दिसतो. ‘कपाट’ या संस्कृत शब्दाचा अर्थ दाराची फळी. भिंतीत कोनाडा ठेवायचा आणि त्याला दार लावायचे, एवढेच आपले जुने कपाट. म्हणून त्याला नाव मिळाले ते दाराचे. भिंतीपासून सुटे, चार पायांवर उभे राहणारे सामान पुढे समुद्रावरून आले. ‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगिजांचा, ‘चावी’ त्यांचीच आणि ती ज्या दाराला लागते त्याची ‘बिजागरी’ही त्यांचीच. ‘खुर्ची’ अरबीतून फारसीमार्गे आली. ‘पाट’, ‘चौरंग’, ‘मंचक’, ‘पाळणा’ हे शब्द मात्र घरचे. बसण्या-निजण्याचे शब्द आपले आणि कुलूपबंद करण्याचे बरेचसे बाहेरचे, हे एका छोट्या शब्दकोशात कळून येते.

गोव्यात सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांसाठी आपल्या किनाऱ्यावरच्या सुतारांनी जे सामान घडवले, ते आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहे. अनेक खणांच्या पेट्या, सागावर आबनूस आणि हस्तिदंत जडवलेली नक्षी, पायांच्या जागी नाग किंवा स्त्रीमूर्ती. रूप लिस्बनहून सांगून आलेले, पण पायांशी बसलेली नागीण त्या सुताराच्या स्वतःच्या देवळातली. पुढे इंग्रजी अमलात मुंबईच्या फोर्टात, मेडोज स्ट्रीटच्या परिसरात, शिसवी सामानाचा मोठा धंदा उभा राहिला. मलबारच्या किनाऱ्यावरून येणारे काळसर जांभळे शिसव, त्यावर पानाफुलांची आणि प्राण्यांची गच्च कोरणी, असे सोफे आणि गोल मेजे पारशी घरांत, युरोपियन बंगल्यांत आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत गेली.

आपल्या जिल्ह्यात खुर्ची आली ती कचेरीतून. मामलेदार, वकील, शाळामास्तर आणि टपालखाते या वाटांनी ती घरात शिरली आणि आधी ओटीवरच थांबली. माजघरात जायला तिला आणखी एक पिढी लागली. १८८० साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात इथल्या उद्योगशाळेची नोंद आहे. कचेरीला लागणारी मेजे-खुर्च्या इथलाच सुतार करू लागला, तेव्हा त्याने इंग्रजी रूप घेतले आणि सांधा आपला ठेवला. खिळ्याऐवजी लाकडी खुंटी. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि भोवतीचे लाकूड काळे करून फोडतो, हे त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते.

त्याच सुमारास मुंबईला गिरणीत, गोदीत, पेढीवर गेलेला चाकरमानी आगबोटीने परत येताना सामान आणू लागला. त्यात एक खुर्ची फार लांबून आलेली होती. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये वाफेने लाकूड वाकवून बनवलेली, चौदा क्रमांकाची म्हणून प्रसिद्ध झालेली ही खुर्ची. सुटे भाग मोजके, ते स्क्रूने जोडायचे. एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांनी ती आपलीशी केली. राजापूर, संगमेश्वर, गुहागर भागातल्या एखाद्या ओटीवर पाठीला लाकडाची गोल कमान आणि बसायला वेताची जाळी असलेली खुर्ची दिसली, की तिच्या बैठकीखाली हात घालून स्क्रू चाचपावेत. युरोपच्या बीच लाकडाची ती खुर्ची दोन समुद्र ओलांडून तिथे पोचलेली असू शकते.

आता लाकडांविषयी, कारण दुरुस्ती करणाऱ्याला पहिली ओळख लाकडाची लागते. साग रंधल्यावर सोनेरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास देतो. त्याच्या अंगातच वाळवीला न रुचणारी द्रव्ये असतात, म्हणून तो टिकतो. शिसव जड, सागाच्या मापाचाच तुकडा उचलला तरी हाताला फरक कळतो. फणस कापल्यावर हळदीसारखा पिवळा आणि वर्षांगणिक तपकिरी, मग मधासारखा गडद होत जातो. त्याच पिवळेपणातून ब्रह्मदेश, सिंहल, सयाम इथल्या बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगवीत, आणि आपल्याकडे त्याच लाकडाचे देव्हारे आणि मृदंगाची खोडे होत. आंबा स्वस्त, पण किडीला लवकर बळी पडणारा. म्हणून त्याच्या पेट्या झाल्या, पलंग फारसे झाले नाहीत. खैर आणि ऐन खांबांना, अवजारांना. ज्या घरी फणसाचे झाड तोडून लेकीच्या लग्नाचा चौरंग केला, त्या घरी तो चौरंग म्हणजे त्या झाडाचे पुढचे आयुष्य होते.

लाकूड तोडल्यावर मरते, असे आपण समजतो. सुतार तसे समजत नाही. हवेतला ओलावा वाढला की फळी रुंदीत फुगते, कमी झाला की आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे आपल्याकडची प्रत्येक फळी दर आषाढात श्वास घेते आणि दर माघात सोडते. जुन्या सुताराने कपाटाच्या दारातली मधली फळी चौकटीच्या खाचेत मुद्दाम सैल ठेवलेली असते, ती यासाठी. आजचा हौशी दुरुस्तीवाला ती खडखडते म्हणून गोंद घालून घट्ट करतो. पहिला उन्हाळा येतो, फळी आक्रसू पाहते, चौकट तिला सोडत नाही आणि शंभर वर्षे न चिरलेली फळी मधोमध उभी चिरते.

तरीही कोकणातल्या फर्निचरचा मोठा शत्रू पाऊस नव्हे. पाऊस पूर्वीही होताच. पूर्वी चूल पेटलेली असे, धूर माळ्यापर्यंत जाई, दारे-खिडक्या उघडी असत, रोज कोणी तरी झोपाळ्यावर बसत असे, दर चार दिवसांनी हडपा हलवून खालचे झाडले जाई. आज घर गणपतीला उघडते, मे महिन्यात उघडते आणि उरलेले दहा-अकरा महिने कुलूपबंद असते. कोंडलेल्या दमट खोलीत बुरशी धरते, भिंतीला टेकलेल्या पाठीतून वाळवी चढते, आणि ते पाहायला तिथे कोणी नसते. जुनी माणसे खांबाखाली दगडी तळखडा घालत आणि पेटाऱ्याच्या पायांखाली दगड ठेवत, म्हणजे लाकडाचा मातीशी थेट संबंध येत नसे. ते दगड आपण फरशी घालताना काढून टाकले. लाकूड वापराने झिजते हे खरे. पण झिजायला वर्षे लागतात. न वापराने ते दोन पावसाळ्यांत जाते. या पुस्तकातला एकच विचार लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा आहे.

दुसरा शत्रू आपण स्वतः, आणि तेही प्रेमापोटी. हे मी माझ्या घरच्या अनुभवाने शिकलो. आजोबांचे एक उतरत्या फळीचे मेज होते. ते त्यावर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहीत. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात चाकूचे पंचवीस-तीस बारीक घाव होते. आजोबांचे वडील बोरू तासत, तेव्हाचे. त्याच्या वर दौतीचे निळे-काळे गोल वळ, एकात एक अडकलेले. झाकण उलटले की आतल्या बाजूला पेन्सिलीच्या पाच-पाच रेघांच्या जुड्या होत्या, हमाल पेट्या मोजत तशा. मेजाचा एक पाय हलत होता म्हणून मी ते शहरातल्या एका पॉलिशवाल्याकडे दिले आणि सांगितले, ‘नव्यासारखे करून द्या.’ त्याने इमानदारीने सांगितले तेच केले. मशीन फिरवून वरचा थर काढला, आतून-बाहेरून काचेसारखे चकचकीत पॉलिश चढवले. मेज घरी आले तेव्हा शेजारीपाजारी वाखाणत होते. मी झाकण उलटून पाहिले. रेघा नव्हत्या. पणजोबांचा बोरू आणि आजोबांचे आंबे मी दोन हजार रुपये देऊन पुसून घेतले होते.

ही चूक जगाने आपल्याआधी केली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी चर्चे ‘मूळ रूपात’ आणण्याच्या हौसेने त्यांच्या भिंती खरवडल्या जात होत्या. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणूनच ती लोकांत ओळखली गेली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुढे हा विचार जगन्मान्य केला : जिथे पुरावा संपतो आणि अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नवा जोड दिलाच तर तो ओळखू यावा. हे नियम वास्तूंसाठी लिहिलेले, पण चौरंगालाही तितकेच लागू पडतात.

मग दुरुस्ती करायचीच नाही का? करायची, आणि नीट करायची. मोडकी खुर्ची जपून ठेवण्यात तिचा मान नाही. तिच्यावर बसता आले पाहिजे. चांगली दुरुस्ती कशी असते, हे मी एका वयस्क सुताराच्या हाताखाली बसून पाहिले. काम होते झोपाळ्याचे. दीड इंच जाडीची सागाची फळी, कडीच्या भोकापासून वीतभर चिरलेली. त्यांनी आधी काहीच केले नाही. फळी उन्हात न ठेवता पडवीत पंधरा दिवस उभी करून ठेवली, तिची हवा तिला घेऊ दिली. मग चिरेत अडकलेला जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने भिजवून मऊ केला आणि बोथट पात्याने काढला. चीर दाबून बंद केली आणि फळीच्या खालच्या अंगाने, चिरेला आडवे, जुन्या सागाचे तीन तुकडे बसवले. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळते, डमरूच्या आकाराचे. तसल्या तुकड्याला चीर ओढू शकत नाही, तोच चिरेला धरून ठेवतो. वरून बसणाऱ्याला काही दिसत नाही. खालून पाहणाऱ्याला मात्र स्पष्ट दिसते, की इथे कोणी तरी, कधी तरी, हे जोडले आहे. मी विचारले, ‘काका, वरून थोडे घासून एकसारखे करायचे का?’ त्यांनी फळीच्या मधल्या, बसून बसून खोलगट झालेल्या भागावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘हे तुझ्या आजीने घासलेले आहे. माझ्या रंध्याला जमायचे नाही.’

त्या कामात तीन गोष्टी होत्या, आणि पुस्तकाची मांडणी त्यांच्यावरच केली आहे. पहिली, आधी पाहणे. वस्तू उलटी करा, खण बाहेर काढा. करवतीच्या सरळ पण कमीअधिक खुणा असतील, तर फळी आराकसांनी हाताने चिरलेली. गोलाकार खुणा असतील, तर ती यंत्रावरची. खिळ्याचे डोके चौकोनी आणि ओबडधोबड असेल, तर तो लोहाराच्या ऐरणीवरचा. गोल आणि सारखे असेल, तर कारखान्याचा. प्लायवूड दिसले तर तो भाग विसाव्या शतकातला. वस्तूच्या पाठीवर तिचा जन्मदाखला असतो. आपण पुढूनच पाहतो.

दुसरी, जे परत उलगडता येईल तेच वापरणे. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. रात्रभर पाण्यात भिजवायचा, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. त्याचे सांधे ऊब आणि ओलावा दिला की पुन्हा उघडतात, म्हणून पुढच्या पिढीच्या सुताराला दार मोकळे राहते. पावसाळ्यात तो ढिला पडतो हा त्याचा दोष, आणि म्हणूनच आपल्या सुतारांनी त्याच्या जोडीला खुंटी दिली. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने नव्या कामाची सोय केली. पण जुन्या सांध्यात पांढरा गोंद एकदा सुकला की तो सांधा सहसा लाकूड फोडल्याशिवाय उघडत नाही. पॉलिशचेही तसेच. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवणे, हे जुने फ्रेंच पॉलिश. त्यावर गरम कप ठेवला तर पांढरा वळ उठतो हे खरे, पण स्पिरिटचा बोळा फिरवला की तोच थर पुन्हा विरघळून सांधतो. आजचे पीयू पॉलिश पाण्याला दाद देत नाही. पण कुठे उकलले तर सगळे खरवडण्यावाचून इलाज उरत नाही. आणि लाखेचे पॉलिश आपल्याकडे दसऱ्यानंतरच करावे. पावसाळी हवेत स्पिरिट उडताना ओल धरते आणि थर धुरकट होतो.

तिसरी गोष्ट, कमीत कमी करणे. किडीचे पीठ खाली पडताना दिसले, तर आधी खाली काळा कागद ठेवा. बरेच दिवस ताजे पीठ पडले नाही तर कीड बहुधा जुनी आहे, औषधाची घाई नको. ताजे असेल तर बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सचे द्रावण भोकांतून भरावे. आजी झोपाळ्याला खोबरेल लावायची. ते सुकत नाही, धूळ धरते आणि काळा थर करते. तिच्या भावनेला धक्का न लावता आपण जवसाचे तेल वापरावे, कारण ते हवेने घट्ट होते. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना आणि गोठ्याच्या खांबांना उत्तम, पण हाताला भाजते. बसायच्या वस्तूला लावू नये. वेताची बैठक तुटली तर वेत भिजवून, भोकाभोकांतून उभे-आडवे आणि दोन्ही तिरपे ताण घेत विणायचा असतो. हे काम करणारे हात अजून आहेत, त्यांना ते द्यावे. प्लॅस्टिकची पट्टी ओढून खुर्ची चालेल, पण ती त्या खुर्चीची बैठक राहणार नाही.

हे सगळे घरच्या कोपऱ्यातच करायचे असे नाही. मोठ्या प्रमाणावरही ते झाले आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झाले. त्याच्या पुनरुज्जीवनात लाकडी काचकपाटांना वास्तूइतकाच मान मिळाला. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी पुन्हा खुले झाले. आणि त्याच्याही कितीतरी आधी पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी एकट्याच्या बळावर अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दारे आणि पेटारे वाड्या-वाड्यांतून गोळा केले. मुलाच्या, राजाच्या, स्मृतीसाठी उभा केलेला तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. रोजच्या वापरातली वस्तू हाही इतिहासच, हे मराठी माणसाला त्यांनी पटवले. आपल्या दक्षिणेला सावंतवाडीत लाखेच्या रंगांनी पाट आणि चौरंग रंगवण्याची कला अजून हातांत आहे. चितारआळीत जाऊन ते हात एकदा पाहावेत.

शेवटी एक काळजीची गोष्ट. घर पाडताना ठेकेदार ‘जुने लाकूड’ म्हणून जे वजनावर घेतो, ते मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात वेगळ्याच भावाने विकले जाते. आपल्या दाराची चौकट कुणाच्या तरी दिवाणखान्यात आरसा होऊन उभी राहते. विकणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. शहरातल्या दोन खोल्यांत झोपाळा मावत नाही. पण विकण्याआधी वस्तूचा फोटो, मापे, लाकूड आणि ती घरात कोणी, कशासाठी करून घेतली हे चार ओळींत लिहून ठेवावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे, हेही माहीत असावे. परदेशी असलेल्या नातेवाइकाला पणजीचा हडपा पाठवण्याआधी चौकशी करावी.

पुढच्या प्रकरणांत एकेका वस्तूची रेखाचित्रे, सांध्यांचे नमुने आणि दुरुस्तीचे टप्पे दिले आहेत. त्यांत नवे असे माझे काही नाही. ते सर्व खंडेनवमीला रंधा, वाकस आणि पटाशीला हळदकुंकू लावणाऱ्या माणसांकडून ऐकलेले, पाहिलेले आणि त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवलेले आहे. त्यांतले काही आता हयात नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले गोव्यात आणि पुण्यात मॉड्युलर किचन बसवतात, कारण जुन्या कामाचे पैसे द्यायला आपण कां-कूं करतो. एका सांध्याला दोन दिवस लागले तर त्याची मजुरी दोन दिवसांची, हे मान्य केल्याशिवाय ही विद्या टिकणार नाही.

वाचकाला माझे मागणे एकच आहे. येत्या गणपतीला घर उघडाल, तेव्हा माळ्यावरची एक वस्तू खाली आणा. कोरड्या फडक्याने पुसा, उलटी करून नीट पाहा, हलणारा सांधा असेल तर गावातल्या सुताराला बोलवा. आणि मग ती पुन्हा माळ्यावर ठेवू नका. पाटावर जेवायला बसा, मेजावर लिहा, झोपाळ्यावर नातवंडांना बसवा. जाताना कुलूप लावण्याआधी शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि महिन्यातून एकदा खिडक्या उघडायला सांगा.

रत्नागिरी, दसरा